'तपासा' म्हणायचं राहून गेलं

मी पेटंटचा अर्ज. बोलतोय खरा, पण मला बोलायला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या कचेरीत सांगितल्याशिवाय काहीच होत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

माझा जन्म एका फिटरच्या स्वयंपाकघरातला. दूध उतू जाऊन बायकोचा हात भाजला, तेव्हा त्यानं वर आलेला फेस खाली बसवणारं झाकण बनवलं. झाकण खरंच उत्तम होतं. भांड्यांच्या कारखानदारानं ते विकत मागितलं, तर हा म्हणाला, "आधी पेटंट. झाकणावर नाव आपलंच हवं."

सुरुवातीला मी कच्चा अर्ज होतो. वर्षाच्या आत सगळा तपशील भरून त्यानं मला पक्कं करायला हवं होतं. अकरा महिने फिटर गावभर मिरवला आणि शेवटच्या दिवशी, कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं असताना, धापा टाकत येऊन त्यानं मला पक्कं केलं आणि एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

अठराव्या महिन्यात कचेरीनं मला जाहीर केलं, म्हणजे चित्रांसकट सगळं चव्हाट्यावर मांडलं. फिटरला वाटलं, छापून आलं म्हणजे पेटंट मिळालं! माझं ते पान त्यानं फ्रेम करून भिंतीवर टांगलं. पाहुणे आले की त्यांची खुर्ची बरोबर माझ्यासमोर सरकवायचा.

बायको मात्र तळटीप वाचणारी. "अहो, इथं लिहिलंय, तपासणीसाठी वेगळी विनंती करावी."

"अगं, डॉक्टरकडे गेल्यावर 'मला तपासा' म्हणून वेगळा अर्ज देतो का आपण?"

मला हसू आलं. मग रडू आलं, कारण त्या विनंतीची मुदत चालूच होती.

ती संपल्यावर स्वारी निवांत कचेरीत आली. "प्रमाणपत्र कधी देताय?"

"विनंती कुठाय?" कारकुनानं विचारलं.

"अर्ज केलाय की!"

"अर्ज केलात. 'तपासा' कुठं म्हणालात?"

माझ्यावर शिक्का बसला: 'अर्ज मागे घेतल्याचे समजण्यात येत आहे.' ज्याला मला पुढे नेता आलं नाही, त्यानं म्हणे मागे घेतलं!

कारखानदारानं माझी चित्रं पाहून झाकणं बाजारात आणली. आता त्याला अडवणार कोण? परवा फिटरच्या बायकोनंच एक विकत आणलं. त्यावर ठसठशीत नाव आहे, कारखानदाराचं.

"छान आहे हो झाकण," ती म्हणाली. "कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?"

फिटर चष्मा लावून माझ्यापाशी आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं ती तळटीप वाचली.

वाचकहो, तुम्ही तरी मुदतीत वाचा.