उमेदवारबाईंचं बोट

रविवारी सकाळपासून संपदाच्या स्वयंपाकघरात पोह्यांचा कांदा चिरणं चाललं होतं. बाहेर पडवीत पक्षाची चिंतन बैठक बसली होती. महापालिकेची निवडणूक होऊन आठवडा झाला होता आणि आगाशीच्या वॉर्डात पक्ष हरला होता. पक्ष हरला असंच सगळे म्हणत. खरं तर हरली होती संपदा. जागा बायकांसाठी राखीव, म्हणून अर्ज तिच्या नावाने भरला. पण बॅनरवर नवऱ्याचा, जितेंद्रचा फोटो तिच्या फोटोहून मोठा, भाषणं त्याची, घरोघर फिरलाही तोच. त्यामुळे पराभवाची चर्चाही तिला वगळून व्हावी, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे ते वाटत नाही, हेच तर दुखणं आहे.

मागच्या दाराशी मासळीवाली ग्रेसी पाटी उतरवून बसली. खाडीकडच्या आळीत राहायची ती. बोंबील मोजताना तिच्या नखावरची मतदानाची काळी शाई दिसत होती.

"संपदाबाय, टँकर येनार का नाय आज? दोन दिस पानी नाय. सून बाळंतीण हाय घरात. तिच्या न्हानाला पन बावीचं खारं पानी तापवते मी."

टँकर जितेंद्रचाच होता. आळीच्या विहिरी खाऱ्या, त्यामुळे सगळ्यांची भिस्त त्याच्यावर.

"विचारते ह्यांना," संपदा म्हणाली. लग्न झाल्यापासून ती हेच म्हणत आली होती.

चहाचा ट्रे घेऊन ती पडवीच्या उंबऱ्याशी आली, तेव्हा पक्षाचे तालुक्याचे पुढारी हर्षवर्धनराव तावातावाने बोलत होते.

"पुरुषांचं मतदान जोरदार. बायकांचं निम्मंसुद्धा नाही! तेही आपल्या हक्काच्या बूथवर. घात केला कुणी?"

"खाडीकडच्या आळीने, साहेब. दुसरं कोण?" जितेंद्र म्हणाला. "म्हणून तर दोन दिवस टँकर थांबवलाय."

"नुसता थांबवून काय होतंय? उद्या माणसं पाठवा आळीत. शाई अजून नखावर असेल. जिच्या बोटाला शाई नाही, तिच्या घरी पाणी नाही. पुढच्या वेळी गुमान रांगेत उभ्या राहतील."

माना डोलल्या. कुणीतरी "एक नंबर!" म्हणालं. तहानेला धाक बनवायचा, आणि याला म्हणायचं रणनीती! त्या डोलणाऱ्या मानांची मला लाज वाटते.

संपदाला आधी ग्रेसीची सून आठवली. दिवस भरलेली ती पोर मतदानाला जाणार तरी कशी होती? मग तिची नजर ट्रे धरलेल्या स्वतःच्या बोटांवर गेली. बोटं स्वच्छ होती.

मतदानाच्या दिवशी पहाटेपासून ती पुऱ्या तळत होती. बूथवरच्या पोरांची जेवणं तिच्याकडे. सोबत जाऊबाई मीरा आणि तीन कार्यकर्त्यांच्या बायका. "जेवणं उरकली की गाडी पाठवतो," जितेंद्र म्हणाला होता. गाडी दिवसभर दुसऱ्यांना आणत राहिली. शेवटची पंगत उठून पातेली घासली, तोवर मतदान संपलं होतं. उमेदवाराने स्वतःलाच मत दिलं नव्हतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिलाही तेव्हा वाटलं, आपलं काम पुऱ्यांचं, ते झालं.

तिने ट्रे खाली ठेवला.

"साहेब, आधी माझं बोट बघा."

"संपदा, चहा दे आणि आत जा," जितेंद्र हळूच म्हणाला.

"मीरा, तूही ये. दाखव हात." मीरा खोबऱ्याने भरलेले हात घेऊन दाराशी आली. "आमच्या पाच जणींची मतं तुमच्या पुऱ्यांत तळली गेली. प्रत्येक बूथवर असंच झालं असणार. तुमचाच नियम लावा, आणि पहिलं पाणी ह्या घराचं तोडा."

हर्षवर्धनराव कसंनुसं हसले. "वहिनी, राजकारणातलं तुम्हाला..."

"उमेदवार मी होते ना? मग हरले मी. माझ्या हरण्यापायी कुणाच्या बाळंतिणीचं पाणी तुटणार नाही." खुंटीवरची टँकरची किल्ली काढून तिने पडवीच्या पायरीवर बसलेल्या ड्रायव्हरपुढे धरली. "रॉकी, टँकर काढ."

रॉकीने मालकाकडे पाहिलं. जितेंद्र आपल्या नखावरची शाई निरखत बसला होता. त्याने मान वर केली नाही. रॉकीने किल्ली घेतली.

टँकरच्या केबिनमध्ये संपदा ग्रेसीला खेटून बसली. गाडी खाडीकडे वळली तशी ग्रेसी म्हणाली, "परचाराला तुजा नवराच आला व्हता. तू काय बोलशील ते ऐकाया आमी बाया थांबलेलो, बाय."

संपदाला रडू आवरेना. पण आळीत उतरल्यावर पाइप तिनेच ओढला.

इकडे पडवीत चहा गार झाला. पोहे कुणी वाढले नाहीत. बायकांची मतं गेली कुठे, हे मात्र पुन्हा कुणी विचारलं नाही.

वाचकहो, मतदानाच्या दिवशी तुमच्या घरी सगळ्यांच्या आधी कोण उठलं होतं, आणि तिच्या बोटाला शाई लागली होती का?