पापडखाराचं उटणं

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतीन, तेव्हाची गोष्ट. सुलतानपूरच्या कोकिळेनं लग्नाच्या दहा दिवस आधी आपल्याच हातानं आपलं थोबाड भाजून घेतलं, अन् आता हे सांगावं कोणाले, ह्याची तिले धास्ती पडली.

झालं असं, की जानेफळहून होणारी नणंद येऊन गेली. पाणी पिता पिता बोलली, "वहिनी उन्हानं जराशी रापली." बस, एवढंच. पण कोकिळेच्या काळजात कुसळ रुतलं. घरात लग्नाच्या पापडांसाठी लोणारच्या तळ्याचा खार आणून ठेवला होता. त्या खारानं तेल्याचं धोतरही बगळ्यावाणी निघते, हे तिनं डोळ्यानं पाह्यलं होतं. मंग कातडं काऊन निघणार नाई? मूठभर खार, बेसन, चिमूटभर हळद. कालवलं, फासलं, वाळेस्तोवर बसली. धुतलं तेव्हा तोंडावर मिरच्याचं पोतं उपडं केल्यासारखी आग आग झाली.

तिसऱ्या दिवशी गालाची सालपटं निघाली. शेजारची गीताबाई विस्तव मागाले आली अन् दारातच थबकली.

"माय वं! पोरीले देवी आल्या!"

विस्तव न घेताच पळाली. कोकिळा दाराआड सरकली. देवी आल्या म्हणजे घरात फोडणी नाही, तळण नाही, हळद तर नाहीच. लग्न पुढं ढकलणार, अन् वण घेऊन बसलेली नवरी मंग कोण नेईन? खरं सांगावं, तर रंगासाठी हपापलेली म्हणून गावभर हसू. तिनं पदर ओढून घेतला.

आईमागं तिले आत्यानं, तानुबाईनं, वाढवलं होतं. आत्यानं खाराचा डबा हलवून पाह्यला.

"मूठभर खार गेला. उंदरानं पापड लाटले काय वं?"

कोकिळा रडाले लागली, तर आसवांनी गाल अजून झोंबले. "आत्या, कोणाले सांगू नको."

"मी नाई सांगत. तोंड तुहं, सांगणंही तुहं. माही चुलतसासू असंच चिंचेनं तोंड घासे. घागरीवाणी लखलखलं बरं! गावच्या बाया तिच्या गालात पाहून कुंकू लावत."

"हसवू नको, दुखते!"

"मंग ऐक. घासणं बंद. सकाळ-सांज नुसतं गार पाणी शिंपडाचं. मऊ फडक्यानं टिपाचं, पुसाचं नाई. अन् उन्हात जाचं नाई."

मंग आत्यानं तांब्याच्या ताटलीत गाईचं तूप घेतलं. पाणी घालून हातानं फेटाचं, पाणी ओताचं, पुन्हा नवं घालाचं. शंभर वेळा. तूप पांढरंफेक, लोण्याहून मऊ झालं. कोकिळा घाईघाईनं तोंडाले लावाले गेली, तर आत्यानं मनगट धरलं.

"आधी कोपराच्या आत लाव. सांजपर्यंत खाजलं नाई, तर तोंडाले. खाराले हे इचारलं असतं, तर एवढं झालं असतं काय? तेलकट तोंडाले मसुराचं पीठ, कोरड्याले साय. पण कातडं कोणतंही असो, ते भांडं नाई, घासाले."

तीन दिवस हेच. कोकिळा पहाटेच उठून रांजणाच्या पाण्यात वाकून तोंड पाहे. गाल जरा निवला की हायसं वाटे. नाकाजवळ नवं सालपट दिसलं की पुन्हा गार पाणी शिंपडे. हळदीले चार दिवस राह्यले.

अन् दारात बैलांची दमणी उभी राह्यली. होणारी सासू, अन्नपूर्णाबाई, उतरली. गीताबाईचा शब्द पार जानेफळापर्यंत पोचला होता. ती उंबऱ्याबाहेरच उभी राह्यली. पाण्याचा तांब्याही घेतला नाही.

"हळद थांबवाची काय, थे पाहाले आली मी."

कुडाच्या पलीकडून गीताबाईचं डोकं वर आलं. कोकिळेनं आत्याकडं पाह्यलं. जी आत्या झोपेतही थापा मारे, ती गुमान तांदूळ निवडत होती. मंग कोकिळाच उंबऱ्यापाशी गेली. तिनं पदर मागं केला.

"देवी नाईत. म्या पापडखार फासला."

"काऊन?"

"गोरी व्हाले."

कुडाआडून खुदकन हसू आलं. अन्नपूर्णाबाई हसली नाही. "हात दाव." कोकिळेनं दोन्ही तळवे पुढं केले. डावा नितळ; ज्यानं खार कालवला, तो उजवा लाल, सोललेला. कानापाशी, जिथं लेप संपला, तिथं लाली रेघ मारल्यावाणी थांबली होती.

"काय वं गीताबाई, देवी काय उजवा हात पाहून येतात?"

डोकं कुडाखाली गेलं. अन्नपूर्णाबाई उंबरा ओलांडून आली, बसली, अन् तांब्या उचलून घटाघटा पाणी पेली.

"हळद ठरल्या दिवशी. पण पायाले लावू, तोंडाले झोंबन."

"अन् तोंडाले?" कोकिळेनं इचारलं.

आत्यानं ताटली पुढं सरकवली. अन्नपूर्णाबाईनं बोटावर जरासं तूप घेऊन चोळलं. मंग आवाज बारीक करून म्हणाली, "ह्यातलं थोडं बांधून द्या. माही लेक लिंबू फासून घरात दडून बसली हाये."

तानुबाई सांगे, की मंडपात कोकिळेच्या तुपकट गालावर गॅसबत्ती अशी चमकली, की गावचे कोंबडे सांजेलेच आरवले. कोंबड्याइचं तिलेच माईत. नाकाजवळचं सालपट मात्र अक्षता पडेस्तोवर तिथंच होतं, अन् कोकिळेनं त्याले हात लावला नाही.