शनिवारची तपासणी

शनिवारी सकाळी दहा वाजता त्या घरात कुणी कुणाला चहासुद्धा विचारत नसे. दहाला आई खिडकीपाशी तपासणीला बसायची. डोळ्यांवर चष्मा, हातात भिंग, मांडीवर पांढरं फडकं, उजवीकडे आठवडाभराच्या मालाचा ढीग आणि डावीकडे वेताची टोपली. ढिगातली एकेक वस्तू भिंगाखालून जायची. पास झाली तर खोक्यात, नापास झाली तर टोपलीत. टोपलीतली वस्तू ज्याची असेल त्यानं मुकाट्यानं उचलायची, उसवायची आणि पुन्हा करायची. तिथे वशिला चालत नसे. बाबा निवृत्त झाले तेव्हा म्हणाले होते, "सुटलो बुवा साहेबाच्या जाचातून!" त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी त्यांनी कापूस भरलेले चार ससे टोपलीत पडले. सुटल्याची भाषा त्यांनी पुन्हा कधी केली नाही.

घरचा उद्योग सशांचा. फेल्टच्या जाड कापडाचे, वीतभर उंचीचे ससे. वहिनी कापड कापून मशीनवर शिवायची, बाबा कापूस भरायचे, दादा दुकानं पालथी घालून ऑर्डरी आणायचा. सशांचे कपडे मात्र क्रोशाचे. कोट बारकीचे आणि टोप्या आईच्या. बारकी म्हणजे धाकटी मुलगी. एकोणतीस वर्षांची झाली, घरातल्या सगळ्यांपेक्षा टीचभर उंच, तरी नाव आपलं बारकीच. एकदा चिकटलं ते चिकटलं.

तर ही बारकी गेली तीन वर्षं आईला फसवत होती. चांगल्या मनानं फसवत होती, पण फसवणूक ती फसवणूकच.

झालं असं होतं की आईच्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागली होती. सुई चालायची झपाझप, बघणाऱ्याला वाटावं काय हात आहे! पण सुटलेला टाका बोटांना कळेनासा झाला. टोपीचं गणित सोपं असतं. मधल्या गोलात सहा खांब, म्हणजे उभे टाके, घ्यायचे, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. आईला हे झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ. ती तोंडानं अठरा मोजायची आणि टोपीत सोळाच असायचे. टोपी एका अंगाला कलायची, एका कानापाशी ताणलेली आणि दुसऱ्यापाशी लोंबणारी. तशी पहिली टोपी बारकीच्या हाती लागली ती एका शुक्रवारी. उद्या आई भिंग लावून बसणार आणि स्वतःच्या हातानं स्वतःची टोपी टोपलीत टाकणार, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. दुपारी आई झोपली होती. बारकीनं टोपी उसवली आणि पुन्हा विणून ढिगात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी आईनं तीच टोपी भिंगाखाली धरली, फिरवून फिरवून पाहिली आणि सगळ्यांना दाखवली. "बघा! बोटं कुरकुर करतात, पण हात गेला नाही माझा." तिचा चेहरा असा काही उजळला की बारकीला वाटलं, आपण जगात काहीतरी पुण्याचं केलं.

शहाणीनं तिथेच थांबायला हवं होतं. पण थांबते कशी? पुढच्या आठवड्यात तीन टोप्या वाकड्या निघाल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात सात. वर्ष उलटेपर्यंत सगळ्याच. रोज दुपारी दोन ते चार आईची झोप, आणि तेवढ्या वेळात बारकीचं हे चोरकाम. उसवलेली लोकर नागमोडी होते, ती तशीच विणली तर भिंगाखाली लगेच पकडली जाते. म्हणून किटलीच्या वाफेवर धरून ती सरळ करायची, वाऱ्यावर सुकवायची आणि मग विणायला घ्यायची. चारला आई उठायच्या आत किटली पुसून जागेवर. तीन वर्षांत बारकी एकदाही दुपारी घराबाहेर पडली नव्हती. मैत्रिणींच्या लग्नांना गेली ती सकाळच्या मुहूर्तांनाच, आणि जेवण होताच पळत घरी. मैत्रिणी म्हणायच्या, हिला काय शाप आहे का? दातदुखी झाली तेव्हा दाताच्या डॉक्टरकडेही तिनं सकाळची वेळ मिळेपर्यंत नऊ दिवस कळ काढली.

वहिनीला हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, वाफेवर लोकर धरून उभी असलेली नणंद पाहिली, आणि काही न बोलता परत गेली. बाकी कुणाला पत्ता नव्हता. बाबा दुपारी आईपेक्षा मोठ्यानं घोरायचे.

आणि अशात ती नोकरी चालून आली.

दुसऱ्या शहरातल्या एका नाटक मंडळीत पोशाख करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी एका दुकानात सशाचा कोट पाहिला. कोपराला दुमड, खिशाला झाकण, वाटाण्याएवढी गुंडी. हा कोट कुणी केला, म्हणून विचारत विचारत त्यांनी बारकीला फोनवर गाठलं. माणसांचे पोशाख करायला येशील का? राहायला खोली मिळेल, काम शिकायला मिळेल. शनिवारी दुपारी बाराला फोन करते, तेव्हा हो की नाही ते सांग, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल. बारकीनं फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. राजाचा झगा, राणीचा घोळदार घागरा, रंगमंचाच्या उजेडात चालणाऱ्या माणसांच्या अंगावर आपलं काम! किती वर्षांनी तिला काहीतरी हवंहवंसं वाटलं होतं.

घरात सांगितलं तर कुणी मोडता घालेल? छे! आईनं तिला जवळ ओढून घेतलं आणि शेजारीपाजारी सांगत सुटली. "जा, खुशाल जा. इथलं मी बघते." त्याच आठवड्यात दादा दोनशे सशांची ऑर्डर घेऊन आला होता. तो जरा बिचकत म्हणाला, "आई, ही गेल्यावर कोटांना कुणीतरी बघावं लागेल. पण टोप्यांचं तुला झेपेल ना?"

"दोनशे?" आई म्हणाली. "चारशे आण रे! माझ्या टोप्यांना कधी कुणी नाव ठेवलंय?"

सगळे हसले. बारकी पण हसली, पण ते हसू उसनं होतं.

कारण हिशेब सरळ होता. ती गेली की दुपारी उसवणार कोण? पहिल्याच शनिवारी आईच्या भिंगाखाली आईच्या खऱ्या टोप्या येणार, एक नाही, दोन नाही, ढीगभर. आणि आईला एका सकाळीत कळणार की हात गेला, तोही आज नाही, तीन वर्षांपूर्वीच, आणि तिला ते कुणी सांगितलं नाही. दार सताड उघडं होतं, सगळे जा जा म्हणत होते, आणि बारकीला पाऊल उचलता येत नव्हतं. तिला आईचा राग यायचा, मग स्वतःचा यायचा, मग त्या मेल्या सशांचा. रात्री जेवताना घास फिरायचा, आणि आई म्हणायची, "जायच्या आनंदानं भूक मेली पोरीची."

शुक्रवारी दुपारी ती किटलीपाशी उभी असताना वहिनीनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"उद्या बारा वाजता काय सांगणार आहेस?"

"माहीत नाही."

"माहीत नाही कसं? आईंना सांगून टाक."

"तू सांगशील? तिच्या डोळ्यांत बघून सांगशील?"

वहिनीनं किटलीखालचा गॅस बारीक केला. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "मग सांगू नकोस. एक टोपी तशीच राहू दे. उसवू नकोस. टोप्या त्यांच्याशिवाय कुणी करत नाही. त्यांची त्यांनाच दिसेल. एकच टोपी, एकच चूक. म्हणतील, वय झालं, आणि आपणहून काम कमी करतील. मग तू मोकळी. टोप्यांना आपण कुणीतरी शोधू."

बारकीनं खूप विचार केला. एकच टोपी! धक्का बसेल, पण बेतानं बसेल. आठवड्याच्या चोवीस टोप्यांतल्या उरलेल्या तिनं उसवून नीट केल्या आणि एक निळी टोपी जशीच्या तशी ठेवली. ढिगात ती ठेवताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं, जरी तीन वर्षांत तिनं केलेलं हे पहिलंच खरं काम होतं.

शनिवारी दहाला तपासणी सुरू झाली. बाबांचा एक ससा पोटात गाठ राहिली म्हणून टोपलीत गेला. "गाठ नाही, जेवलाय तो," बाबा पुटपुटले. वहिनीचे सगळे पास. बारकीचे कोट पास. मग टोप्या. एक, दोन, पाच, दहा. आई खुशीत होती, तोंडानं गुणगुणत होती. बारकी भिंतीला टेकून उभी होती आणि नखं तळहातात रुतवत होती.

सतराव्या टोपीला गुणगुण थांबली.

आईनं निळी टोपी भिंगाखाली धरली. उलटी केली. सुलटी केली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. फेऱ्या मोजल्या, ओठ हलले.  बारकीला वाटलं, आत्ताच्या आत्ता धावत जाऊन ती टोपी हिसकावून घ्यावी.

"ही कुणाची?" आई म्हणाली.

बाबांनी हळूच टोपलीतला आपला ससा उचलला.

"टोप्या तर मीच करते," आई स्वतःशीच म्हणाली. मग तिनं खोक्यातून चार टोप्या काढल्या आणि निळीच्या शेजारी मांडीवरच्या फडक्यावर ओळीनं ठेवल्या. एकीवरून दुसरीवर बोट फिरवलं. "हा बघा माझा हात. घट्ट, एकसारखा. आणि ही बघा. सैल, वेडीवाकडी, दोन खांब गाळलेले." तिनं मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, काळजी होती. "बारके, ही तू केलीस ना गं? माझ्या हाताला थोडा आराम म्हणून?"

 आईच्या मांडीवर त्या चार टोप्या होत्या, आणि चारही बारकीच्या. तीन वर्षं शनिवारच्या शनिवार आई भिंगातून बारकीचाच हात बघत आली होती आणि त्याला स्वतःचा समजत आली होती. आता स्वतःचा हात समोर आला तेव्हा तिला तो ओळखूच आला नाही.

वहिनीनं तोंड उघडलं. "आई, ती टोपी तर..."

"माझीच आहे," बारकी म्हणाली. इतक्या मोठ्यानं की बाबा दचकले.

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली आणि मशीनवर सांडलेले दोरे गोळा करायला लागली.

आईनं निळी टोपी टोपलीत टाकली नाही. हातातच धरून ठेवली. "रागावू नकोस, पण तुला म्हणून सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, तोच जास्त लागला. "कोट तुला जमतात, कारण ते सरळ पट्ट्यांचं काम. गोल कामात माणसाचा खरा हात दिसतो, आणि तुझा अजून कच्चा आहे. तिकडे माणसांचे पोशाख करायचेत. असं काम पुढे केलंस तर आठ दिवसांत परत पाठवतील. माझी पोर तोंड पाडून परत आलेली मला बघवेल का?"

"नाही बघवणार," बाबा म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

"वर्षभर थांब. मी शिकवते. माझा हात आहे तोवर शिकून घे."

बाराच्या ठोक्याला फोन वाजला. बाई वेळेच्या पक्क्या निघाल्या. बारकीनं फोन कानाला लावला. आई तिच्याकडे बघत होती, जवळून, धीर देत असल्यासारखी.

"नाही जमणार," बारकी म्हणाली.

पलीकडून बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. पैसे कमी वाटतात का? खोली वेगळी हवी का?

"तसं काही नाही. हात अजून तयार नाही माझा."

"कोण म्हणतं? मी तो कोट पाहिलाय ना!" बाई जवळजवळ ओरडल्या. आवाज फोनबाहेर ऐकू आला. आईनं समजूतदारपणे मान हलवली, बाईंना काय कळतं, अशी. बारकीनं माफी मागितली आणि फोन ठेवला. तिला रडायला आलं असतं, पण आई समोर होती, आणि आईनं तिचे अश्रू भलत्याच कारणासाठी पुसले असते.

"ये, बस," आईनं शेजारची उशी थोपटली. निळ्या लोकरीचा गुंडा घेतला, सुई उचलली आणि झपाझप सहा खांब घातले. मग बारा. तिसऱ्या फेरीला ती मुद्दाम हळू, मोठ्यानं मोजू लागली, लहान मुलीला शिकवावं तशी. "पंधरा, सोळा, सतरा, अठरा. नीट बघ. कुठे दोन घ्यायचे आणि कुठे एक, ते बघ."

बारकी बघत होती. सातव्यापाशी सुई खांबाच्या शेजारून गेली, आणि तेराव्यापाशी पुन्हा. सोळाच झाले होते.

"दिसलं?" आईनं विचारलं.

"हो," बारकी म्हणाली. "दिसलं."