अळीचे दाणे

खाद्यकंपनीचा माणूस गाडीतून उतरला आणि त्याच्या आधी त्याच्या अत्तराचा वास बांधावर पोचला. आत्याने तिथल्या तिथे त्याचं नाव पाडलं, अत्तरसाहेब.

भाऊ गेल्यावर सहा तळी भाच्याच्या नावावर झाली होती, पण माशांना खाऊ घालणं बत्तीस वर्षं आत्याकडेच होतं. दाणे टाकल्यावर पाणी कसं वाजतं, त्यावरून कोणत्या तळ्यात दुखणं शिरलंय ते तिला कळे. भाच्याला ते कळत नसे. त्याला तक्ते कळत. अत्तरसाहेबाने तक्ते भरपूर आणले होते.

"सर, सुक्या मासळीच्या भुकटीचे दिवस संपले," शेडमधल्या टेबलावर लॅपटॉप उघडून तो म्हणाला. "समुद्रात बारकी मासळी उरलीय कुठे, सर? आता अळी. माशीची अळी वाळवून दळायची. प्रोटीन बेचाळीस टक्के, सर."

दर दोन शब्दांना एक 'सर'. भाचा हरभऱ्याच्या झाडावर चांगला वर जाऊन बसला होता. आज सही झाली की उद्यापासून वर्षभर सहाही तळ्यांत हेच दाणे पडणार होते.

अळीचं नाव ऐकून आत्याने नाक मुरडलं नाही. पाण्यात पडलेला किडा मासा सोडत नाही, हे तिला कंपनीने सांगायची गरज नव्हती. समुद्राचं म्हणणंही खरंच होतं. भुकटीच्या पोत्यात हल्ली निम्मी वाळू निघे. तिला खटकलं ते वेगळंच. 'माशांची आतडी साफ होऊ देत, दोन दिवस खाद्य बंद ठेवा,' असा या गृहस्थाचा आधी फोन आला होता.

तिने नमुन्याच्या पोत्यातले चार दाणे तळहातावर चुरडले आणि हुंगले.

"खवट झालंय हे."

"नवीन आहे ना, मावशी, म्हणून वास वेगळा वाटतो."

"मी याची आत्या आहे. तुमची कुणीच नाही."

भाच्याने डोळे वटारले. "आत्या, कामाचं बोलणं चाललंय."

"मग काम बघू. चला तळ्यावर."

एक नंबरच्या तळ्यात अत्तरसाहेबाने ओंजळभर दाणे फेकले. दोन दिवसांचे उपाशी मासे एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत आले. पाणी नुसतं उकळलं.

"बघा सर, कसे तुटून पडलेत."

भाच्याचा चेहरा असा फुलला, की जणू ते मासे त्यानेच शिकवून तयार केले होते. त्याने खिशातून पेन काढलं.

"आता चार नंबरला टाका," आत्या म्हणाली.

"तिथेही हेच होणार, मावशी."

"मग भिता कशाला?"

चार नंबरचे मासे सावकाश वर आले. एकाने दाणा तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. दुसऱ्याने तोच उचलला, त्यानेही थुंकून टाकला. थोड्या वेळाने पाण्यावर नुसते दाणे तरंगत राहिले.

"हे तळं आजारी दिसतंय, सर."

"आजारी नाही, जेवलेलं आहे," आत्या म्हणाली. "याला मी दोन्ही दिवस घातलंय. आज सकाळीसुद्धा."

"तुला नको म्हटलं होतं ना?" भाचा म्हणाला.

"म्हणूनच घातलं."

अत्तरसाहेबाला हायसं वाटलं. तो हसला. "मग बरोबर आहे, सर. पोट भरलंय त्यांचं."

आत्याने बादलीतले जुने, मासळीच्या भुकटीचे दाणे मूठभर घेतले आणि त्याच जागी टाकले. पाणी फुटलं. तरंगणाऱ्या अळीच्या दाण्यांमधून मासे नेमके जुने दाणे वेचून खाऊ लागले. नवा एकही कुणी गिळला नाही.

"सवय व्हायला वेळ लागतो," अत्तरसाहेब म्हणाला.

"दोन दिवस उपाशी ठेवलं तर तुम्हीही खाल हे. बघता खाऊन?" ती शांतपणे म्हणाली. "अळीतलं तेल काढलंच नाही तुम्ही. वर दळून महिनोन्‌महिने गोदामात ठेवलंत. खवट होईल नाही तर काय?"

"मावशी, यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी काम केलंय."

"त्यांनी केलं असेल. तुम्ही काय केलंत?"

अत्तरसाहेबाने पोत्याचं तोंड दोरीने आवळलं. भाच्याने पेन खिशात घातलं आणि पुटपुटला, "सर, मी कळवतो." समोर थुंकलेले दाणे तरंगत होते, तरी सरळ 'नको' म्हणायला त्याची जीभ उचलत नव्हती. आत्याने त्याच्याकडे बघितलं आणि मग अत्तरसाहेबाला म्हणाली, "तो कळवणार नाही. मी कळवते. नको."

गाडी गेली. भाचा बांधावर तसाच उभा.

"पण भुकटी आज ना उद्या मिळेनाशी होणारच, आत्या."

"होणारच. ताजी दळलेली, तेल काढलेली अळी कुणी आणली, तर एका तळ्यात महिनाभर मी स्वतः घालीन. जेवलेल्या माशांना. ते खोटं बोलत नाहीत."

"मला आधी नीट समजावून सांगायचंस."

"तीन वर्षं शहरात शिकायला ठेवलं होतं तुला. माशाला जे तोंडात धरल्याबरोबर कळलं, ते तुला समजावून सांगायचं?"

तिने दोन भरलेल्या बादल्या त्याच्या पुढ्यात सरकवल्या.

"पाच तळी तुझ्या सरांपायी उपाशी आहेत. आज अर्धंच घालायचं, नाहीतर अधाशासारखं खाऊन मरतील. बूट काढ आणि उचल."

त्याने बूट काढले.