आनंदीचा हात

"बहनजी, वो खिडकीवाली लडकी इशारा कर रही है," मिसिरजी कानाशी कुजबुजले, आणि मी वळून बघेपर्यंत त्यांनी तिचा पेपर उचललासुद्धा.

मिसिरजी आमच्या परीक्षाकेंद्राचे प्रमुख. मी त्याच शाळेतली शिवणाची बाई, एकतीस वर्षांची जुनी. मेडिकलची प्रवेशपरीक्षा असली की आमच्या शाळेचं इस्पितळ होतं. कुणी ओकतं, कुणी घेरी येऊन पडतं. अठरा वर्षांच्या पोरांच्या मानेवर सगळं खानदान चढून बसलेलं, दुसरं काय होणार. पण ही मुलगी रडली नाही. नुसती उभी राहिली, पांढरीफटक.

ती आनंदी, रामघाटावर वेद शिकवणाऱ्या वेणीमाधव गुरुजींची धाकटी. परीक्षेची ही तिसरी खेप, आणि नकलेचा, म्हणजे कॉपीचा, शिक्का बसला की तीन वर्षं बंदी. मिसिरजींनी त्याचा फॉर्म काढलाही होता.

"काय करत होतीस गं?" मी तिला बाहेर वऱ्हांड्यात आणून विचारलं.

"आठवत होते, मावशी. हात हलवल्याशिवाय मला आठवतच नाही."

तिनं हात हलवून दाखवला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेन धरलेला हात वर, खाली, मग आडवा. अहो, हे तर वेदाचे स्वर. यजुर्वेद शिकवताना गुरुजी शिष्याचा हात असाच नेतात, म्हणजे हाताबरोबर शब्द पक्का बसतो. मुलींना हे कुणी शिकवत नाही. ही दाराआडून बघून शिकली, आणि त्या चालीत तिनं अख्खं जीवशास्त्र पाठ केलं होतं.

"मिसिरजी, ये नकल नहीं है. इसको ऐसे ही याद होता है."

"सबूत?"

प्रयोगशाळेतून पुस्तक आणवलं. मिसिरजींनी मध्येच बोट ठेवून अर्धं वाक्य वाचलं. आनंदीनं हात उचलला. पुढचं मी कसं सांगू. हृदयाचे कप्पे, झडपा, रक्ताची वाट, आकृतीखालची बारीक अक्षरं, पानाचा आकडासुद्धा. "हाथ नीचे," मिसिरजी म्हणाले. हात खाली गेला तशी ती अडखळली. वर आला तशी पुन्हा वाहायला लागली. मिसिरजी पुस्तकात बघायचंच विसरले होते.

मीही रामघाटावरचीच. नऊ वर्षांची असताना चुलीपाशी बसून असाच हात हलवत होते, तर वडिलांनी, आमच्या अण्णांनी, तो खाली दाबला. "हे आपलं काम नाही, शरू." मी ऐकलं. तसं वाईट काही झालं नाही माझं, शिवणावर पोटापुरतं मिळालं. पण त्या वऱ्हांड्यात मला पहिल्यांदा अण्णांचा राग आला.

पेपर परत मिळाला. अकरा मिनिटं गेली होती. तिला शेवटच्या बाकावर बसवून मी पुढे आडवी उभी राहिले. तिचा हात बाकाला चिकटलेलाच.

"हलव गं."

"पुन्हा धरलं तर?"

"मी इथून हटत नाही."

दीड तास उभी होते. गुडघे बोंबलत होते, बोंबलू देत.

घंटा झाली तेव्हा तिचे प्रश्न राहिलेच होते. मिसिरजींनी जन्मात कधी घंटेनंतर कुणाला पेन टेकवू दिलेलं नाही. सख्ख्या पुतण्याच्या हातातून त्यांनी पेपर ओढला होता. त्या दिवशी मात्र ते पार दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून पेपर गोळा करायला लागले. एक घ्यायचे, नंबर वाचायचे, चष्मा पुसायचे, पुन्हा वाचायचे. पोरं चुळबुळायला लागली. ते मधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

अकराव्या मिनिटाला ते आमच्या बाकापाशी आले. आनंदीचा हात अजून वर होता. तो खाली येईपर्यंत मिसिरजींनी पेपर मागितला नाही.