अनोळखी गरजू रुग्ण

पहिली थोबाडीत मला बसली ती माझ्याच फोटोमुळे. सकाळचे दहा वाजले होते, मी दुकानात पुठ्ठ्याचे गठ्ठे बांधत होते. एका वसतिगृहात भांडी घासणारी बाई तरातरा आत आली आणि खाडकन माझ्या कानाखाली ओढली. मी काय सोडणार होते? मीही तिच्या झिंज्या धरल्या. दोघी जमिनीवर. मी तिच्या पाठीत दोन गुद्दे घातले, ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. मग तिनं दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले, तेव्हा माझी पकड आपोआप सुटली. तळहातांची सालं निघाली होती. बोटांच्या पेरांतून पाणी गळत होतं.

"हे तुझं पाप," ती म्हणाली आणि भांडी घासायच्या लिक्विडची बाटली माझ्या अंगावर भिरकावली. बाटलीवर मी हसत होते.

आता हे सांगायला हवं. माझं भंगाराचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी साबण-लिक्विडवाल्या कंपनीनं एक योजना काढली. लोकांनी रिकाम्या बाटल्या आमच्याकडे द्यायच्या, आम्ही त्या मधोमध चिरायच्या, मग कंपनीचा ट्रक त्या नेणार आणि वितळवून नव्या करणार. चिरायच्या अशासाठी की कुणी त्यात बनावट माल भरू नये. कंपनीनं आम्हा गोळा करणाऱ्या बायकांचे फोटो लेबलवर छापले, खाली लिहिलं, 'आमची पृथ्वीसखी'. माझी सख्खी बहीणही मला सखी म्हणत नाही. पण असो.

मी बाटलीचं झाकण उघडलं आणि नाकात झिणझिण्या आल्या. नुसतं ॲसिड. बाटली उलटी केली तर बुडाला निळ्या रंगाचा ठिपका. आमच्या दुकानात आलेल्या प्रत्येक बाटलीला तो लागतो, मग ती चिरायला जाते. म्हणजे ही माझ्याच दुकानातून अख्खी बाहेर पडली होती. आणि चिरायचं पातं चालवणारा माणूस एकच, माझा दीर.

माझं लग्न झालं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आई नाही, बाप नाही. नवरा गेला त्यालाही आता अकरा वर्षं झाली. ह्याला मी न्हाऊमाखू घातलं, मारलं, शाळेत घातलं, परत मारलं. शाळा काही अंगी लागली नाही, उंची तेवढी लागली, म्हणून सगळे त्याला बांबू म्हणतात. मला पोटचं मूल नाही. जे काय आहे ते हेच.

त्या बाईला मी दवाखान्यात बसवून आले. मग मागच्या खोलीत गेले. बांबू पात्याला तेल घालत होता. मी काही विचारलं नाही. भिंतीवरचा रबरी पाइप काढला आणि सुरुवात केली.

"अगं वहिनी! अगं ऐक तरी!"

"ऐकते ना. बोल की. तोंड कुणी बांधलंय तुझं?"

पाठीवर, पायांवर, जिथं बसेल तिथं. अठ्ठावीस वर्षांचा घोडा, माझ्यापेक्षा दोन हात उंच, मनात आणलं असतं तर एका हातानं मला उचलून गोणीत टाकलं असतं. पण तो नुसता कोपऱ्यात डोकं धरून बसला. कान फाटला तेव्हा मी थांबले, कारण रक्त माझ्या साडीवर उडालं.

मग सगळं बाहेर आलं. पांढरे बूट घालून फिरणारा एक गुंड आहे आमच्या भागात, त्याचं नावच पांढरा बूट पडलंय. त्याला अख्ख्या बाटल्या हव्या होत्या आणि तो दुप्पट भाव देत होता. बांबू त्याला आठवड्याला दोन गोण्या द्यायचा. सहा महिने.

"कंपनीवाले फक्त वजन करतात, वहिनी. आत चिरलेल्या आहेत की काय आहे, कोण बघतंय? मी खाली ओला पुठ्ठा भरायचो."

"अरे मेल्या, कुंपणानंच शेत खाल्लंस की रे! त्या बाईचे हात बघितलेस?"

तो रडायला लागला. मला वाटलं होतं, मारानं रडतोय. पण म्हणाला, "मला वाटलं, फार तर फेस कमी येत असेल."

मी कंपनीच्या मॅडमना फोन लावला. त्यांचं खातं म्हणजे समाज आणि पर्यावरण. बाई गोड बोलायची, मला ताई म्हणायची. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, आमचा वार्षिक अहवाल पुढच्या आठवड्यात निघतोय. त्यात छापलंय की शंभर टक्के बाटल्या चिरल्या जातात."

"अहो, पण चिरल्या जात नाहीत!"

"पण छापून झालंय ना, ताई. तुम्ही आजपासून नीट चिरा. बाकीचं आतल्या आत मिटवू."

बांबू त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळपर्यंत पातं दाबत राहिला. ते पायानं दाबायचं असतं, दणका बसतो आणि बाटलीची दोन शकलं होतात. दुसऱ्या दिवशीही तेच. खोलीत अख्खी म्हणून एक बाटली ठेवली नाही पठ्ठ्यानं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पांढरा बूट आला, सोबत दोन धटिंगण. दुकानाचं शटर त्यांनी आतून खाली ओढलं.

"माझा माल कुठाय?"

"चिरला," बांबू म्हणाला.

"सगळा?"

"सगळा. आणि आता मिळणार नाही. बायकांचे हात जळतायत."

मला अभिमान वाटला त्याचा. खरं सांगते, त्या क्षणी ऊर भरून आला. पुढच्या क्षणी एकानं त्याच्या पोटात लोखंडी नळी हाणली.

तो वाकला तशी दुसऱ्यानं लाथ मारली, मग पहिल्यानं परत नळी. पोटात, बरगड्यांत, पोटात. मी ओरडत धावले तर पांढऱ्या बुटानं माझे केस धरून मला वजनकाट्यावर आपटलं. माझा दात तुटला, मी तो थुंकला. ते दोघे बांबूला मागच्या खोलीत फरफटत घेऊन गेले, तिथून आवाज येत होते. "चिरायची हौस आहे ना? घे चिरून!" आणि मग पात्याचा दणका. तो आवाज मी दोन वर्षं दिवसभर ऐकत होते, पण ह्या वेळी त्याच्यामागून बांबूची किंकाळी आली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. काट्याचं पाच किलोचं वजन हाताला लागलं. मी ते उचललं आणि पांढऱ्या बुटाच्या तोंडावर घातलं. कचकन आवाज झाला. तो खाली बसला, मी परत घातलं. हनुवटी एका बाजूला लोंबायला लागली तरी मी घालतच होते. माझ्या तोंडून शिव्या येत होत्या की देवाचं नाव, आठवत नाही. ते दोघे धावत आले, त्याला बगलेत धरून शटर उचलून पळाले. मला मारायचंही त्यांना सुचलं नाही.

बांबूची उजव्या हाताची चार बोटं पात्याच्या पलीकडे पडली होती. ती मी पदरात गुंडाळली. उपयोग झाला नाही त्याचा, पण तेव्हा काय कळतंय.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हाताचं राहू दे, पोटात रक्तस्राव होतोय. दोन ऑपरेशनं लागतील, एक आत्ता लगेच, दुसरं आठ दिवसांनी, आणि ती इथं होणार नाहीत, मोठ्या हॉस्पिटलात न्या. मोठ्या हॉस्पिटलात मला कोण उभं करणार? मी मॅडमना फोन केला. अर्ध्या तासात आल्या बिचाऱ्या, हातात फाइल.

"ताई, आमचा मदतनिधी आहे. पूर्ण खर्च करू, दोन्ही ऑपरेशनं. मी बोललेय त्या हॉस्पिटलशी."

मी त्यांच्या पायाच पडायला निघाले होते.

"फक्त एक अडचण आहे. हा निधी बाहेरच्या गरजू लोकांसाठी आहे. आपल्या केंद्रातल्या माणसाला दिला तर तो कामावरचा अपघात होतो. मग चौकशी, मग बाटल्यांचं सगळं..." त्यांनी कागद पुढे केला. "एवढ्यावर सही करा."

मी वाचला. 'सदर इसम माझ्या केंद्रात काम करत नाही. माझा त्याच्याशी कोणताही संबंध नाही. तो चोरीच्या उद्देशाने शिरला असता त्याचे साथीदारांशी भांडण झाले.'

"चोर लिहिलंय तुम्ही त्याला."

"ताई, अख्ख्या बाटल्या बाहेर गेल्याच कशा, याला काहीतरी उत्तर लागेल ना?"

मी उठून त्यांचा गळा धरला. हो, धरला. भिंतीला टेकवला. त्यांचे डोळे पांढरे झाले, पण फाइल सुटली नाही हातातून. तेवढ्यात नर्स धावत बाहेर आली, म्हणाली नाडी उतरतेय, काय ते लवकर ठरवा. मी गळा सोडला आणि पेन घेतलं.

पहिलं ऑपरेशन झालं. बांबू वाचला. पाचव्या दिवशी मी त्याला धुतलेला सदरा घेऊन गेले तर खाटेशी हवालदार बसलेला, मांडीवर माझा तो कागद. खाटेच्या पायथ्याला हॉस्पिटलनं पाटी लावली होती, 'अनोळखी गरजू रुग्ण', खाली कंपनीची हिरवी पानं. हवालदारानं कागद बांबूला मोठ्यानं वाचून दाखवला होता. ते मला बांबूच्या तोंडाकडे बघूनच कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं दोर मीच वळला होता.

"ह्या कोण?" हवालदारानं मला बघून विचारलं.

"वहिनी आहे मी त्याची!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग संबंध नाही असं का लिहून दिलंत? खोटं लिहिलंत?"

बांबूनं माझ्याकडे बघितलं. बँडेजमधला तो बिनबोटांचा हात छातीवर होता. दुसऱ्या ऑपरेशनला तीन दिवस होते.

"साहेब, त्या उगीच म्हणतायत. दया आली असेल त्यांना," तो म्हणाला. "मी ह्या बाईंना ओळखत नाही. चोरी करायलाच शिरलो होतो. लिहा तुम्ही."

हवालदार लिहायला लागला. मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही, नवऱ्याचंही नाही. त्या दिवशी तो सदरा हातात घेऊन मी दाराशी उभी राहिले आणि त्याला चोर ठरवणारं एकेक वाक्य गप्प ऐकून घेतलं.