थंड गाडीची वाफ

मी बॉनेट उघडलं आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची पातळी पुन्हा बोटभर खाली. आठवडाभर हेच. मला आता रडू यायचंच बाकी होतं. सोमवारी ओउलू शहरातल्या इस्पितळात नव्या नोकरीवर हजर व्हायचं, मध्ये दोनशे किलोमीटर जंगल, आणि माझी ही म्हातारी गाडी मागून पांढरे लोट सोडत अंगणात उभी.

"हेड गॅस्केट गेलंय," बाबा पायरीवरून म्हणाले. हातात कॉफी, डोक्यावर कानटोपी. "कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतंय, सिर्पा. वाटेत बंद पडली तर गोठून मरशील."

बाबांनी जन्मभर इथे कुसामोत बस चालवल्या आणि स्वतःच दुरुस्त केल्या. इंजिनातलं मला जे काही कळतं ते त्यांनीच शिकवलेलं. थंडीत गाडी वाफ सोडणारच. गरम झाल्यावर ती विरली तर खुशाल जा, गोडसर वासाचा धूर येतच राहिला तर गॅस्केट. हे त्यांचंच. आणि माझ्या गाडीची वाफ रोज विरत होती. वास नाही, ऑइल स्वच्छ, स्पार्क प्लग कोरडे, खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर थेंबसुद्धा नाही. मग मेलं कूलंट जातं कुठे?

शेवटी शेजारच्या कालेर्वोला बोलावलं. त्याचं गॅरेज आहे. त्याने पंपाने दाब भरून पाहिला. काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळती कुठेच नाही.

"गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तुलाच जायचं नसेल तर तसं सांग."

"त्या काट्याला काय कळतंय!" बाबा आतून ओरडले.

मी इतकी वैतागले की हातातला पाना बर्फात भिरकावला आणि मग तोच शोधत गुडघ्यांवर रांगत बसले. बाप एक सांगतो, शेजारी दुसरं, गाडी तिसरंच.

शनिवारी रात्री बर्फ भुरभुरला. सकाळी, रात्रभर इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची वायर काढायला गेले तर ताज्या बर्फात पावलं. घरापासून बॉनेटपर्यंत, तिथून सौनाकडे, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीकडे, आणि परत घरात. डावा पाय घासत गेलेला. आमच्या घरात डावा पाय घासणारं माणूस एकच.

सौनाच्या बाकाखाली जॅमची बरणी होती, गळ्यापर्यंत हिरव्या कूलंटने भरलेली. शेजारी रबरी नळी.

बरणी मी त्यांच्या पुढ्यात टेबलावर आदळली. "गॅस्केट पाय घासत चालतं का हो, बाबा?"

मला ओरडायचं होतं, आठवडाभराचा सगळा राग तोंडाशी आला होता.

"कालेर्वो महिन्यातून एकदा येतो," ते हळूच म्हणाले. "बाकी दिवस मी कुणाशी बोलू?"

राग होता तसाच राहिला, पण आता तो कुणावर काढायचा हे कळेना.

त्यांनीच बरणी उचलली. बाहेर येऊन सगळं कूलंट परत ओतलं, खुणेपर्यंत, सांडू न देता. झाकण घट्ट केलं, बाहीने पुसलं.

मी किल्ली फिरवली. मागून पांढरा लोट उठला आणि त्यात ते दिसेनासे झाले. खाली उतरून मी त्यांच्याजवळ उभी राहिले. वाफ पातळ होत गेली आणि संपली.

"बघ," बाबा तोंड फिरवून म्हणाले. "साधी वाफच होती. नीघ आता."